काचेवरचा प्रकाश : राजा दीनदयाळ

स्मरणिकेत थोरांची चरित्रे छापण्याची आपल्या मंडळांची प्रथा जुनी आहे. संत, समाजसुधारक, नाटककार, गवई अशी नावे अशा वेळी सहज ओठांवर येतात. या सुवर्णमहोत्सवी अंकात आम्ही ज्या गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते मराठी नव्हते आणि लेखणीचे धनीही नव्हते. त्यांनी आयुष्यभर छायाचित्रे काढली. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. पुढे राजा दीनदयाळ.

त्यांची निवड करण्यास दोन कारणे घडली. दीनदयाळांच्या आयुष्याचा नकाशा मांडला तर त्यावर इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि मुंबई ही गावे ठळक उमटतात. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला ही गावे परकी नाहीत. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांची बिऱ्हाडे तेथेच थाटली गेली. मीरतकडचा एक तरुण पोटासाठी घर सोडून होळकरांच्या राजधानीत येतो आणि परमुलखातच आपले नाव कमावतो, ही कथा घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना आपली वाटावी अशीच आहे.

दुसरे कारण कलेसंबंधीचे आहे. आज रंगीत छायाचित्र काढण्यास कष्ट पडत नाहीत, त्यामुळे जुने कृष्णधवल चित्र म्हणजे रंगांवाचून अपुरे राहिलेले चित्र, असा समज नव्या पिढीत आढळतो. दीनदयाळांचे काम पाहिले की हा समज टिकत नाही. रंग वजा झाल्यावर जे उरते, त्या प्रकाशातून, सावलीतून, रेषेतून आणि पोतातून स्वतंत्र निर्मिती होऊ शकते, हे त्यांनी सुमारे तीस वर्षे सिद्ध करून दाखविले.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे झाले. छायाचित्रकाराच्या चरित्रात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. इमारतीचा नकाशा कसा काढावा, उंची व रुंदीचे प्रमाण कसे जोखावे, भिंत ओळंब्यात आहे की नाही हे नजरेने कसे ओळखावे, याचे धडे त्यांनी कॅमेरा हाती घेण्यापूर्वी कित्येक वर्षे गिरविले होते. १८६६ साली शिक्षण संपवून ते इंदूरला आले आणि तेथील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य अंदाजपत्रककार व आरेखक म्हणून रुजू झाले.

इंदुरात तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर यांची कारकीर्द चालू होती. योगायोग असा, की तुकोजीराव गादीवर बसले ते १८४४ सालीच, म्हणजे दीनदयाळांच्या जन्मवर्षी. माळव्यातील त्या मराठी दरबारात हिंदी मुलखातल्या, हुद्द्याने सामान्य अशा तरुण आरेखकाकडे महाराजांचे लक्ष गेले. १८७४ च्या सुमारास दीनदयाळांनी छायाचित्रणाचा छंद धरला, तेव्हा त्यांस पहिले भक्कम उत्तेजन दिले ते तुकोजीरावांनीच. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील प्रतिनिधी सर हेन्री डेली यांच्याशी त्यांचा परिचय झाला तोही महाराजांमुळे. पुढे दीनदयाळांना राजेरजवाडे आणि व्हाइसरॉय यांचे आश्रय लाभले, परंतु पहिला आश्रय होळकरांचा होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

छंद असे आम्ही म्हटले खरे, परंतु त्या काळी हा छंद शरीर आणि मन दोन्ही थकविणारा होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र रूढ होती. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण समतोल ओतावयाचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, अंधारात नेऊन ते प्रकट करावयाचे. म्हणजे जेथे चित्र तेथे काळोखाचा तंबू हवाच. काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी, तिपाई आणि भला थोरला लाकडी कॅमेरा हे सारे बैलगाडीत घालून मुक्कामावर न्यावे लागे. माळव्यातल्या उन्हाळ्यात कोलोडियन पाहता पाहता वाळून जाई आणि वाऱ्याने उडालेली धूळ ओल्या काचेवर चिकटे. पुढे कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबूची यातायात संपली, तरी काचेचे ओझे आणि ती फुटण्याची धास्ती राहिलीच.

कागदावरील प्रतही कष्टसाध्य असे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदाला चांदीच्या द्रावणाने संवेदनशील करून तो काचेखाली दाबीत आणि उन्हात ठेवीत. चित्र लहानमोठे करण्याची सोय या रीतीत नसल्यामुळे मोठी प्रत हवी असेल तर काचही तेवढीच मोठी घ्यावी लागे. मग सोन्याच्या क्षाराचा संस्कार करून चित्राला टिकाऊपणा व उबदार छटा देत. म्हणून ज्याला आपण कृष्णधवल म्हणतो ते दीनदयाळांचे चित्र खरोखर काळेपांढरे नसते; त्यात तपकिरी आणि जांभळट अशा छटा असतात, आणि वयाबरोबर त्यांवर पिवळसर झाक चढते.

या कष्टांपेक्षाही अवघड अशी एक गोष्ट होती आणि दीनदयाळांच्या कलेचे मर्म तिच्यात आहे. त्या काळच्या काचेला माणसाच्या डोळ्यासारखी दृष्टी नव्हती. निळा रंग तिच्यावर पांढऱ्याच्या जवळ जाई, म्हणून आकाश कोरे उमटे आणि ढग क्वचितच दिसत. पिवळा गडद होई. लाल तर तिला जवळजवळ दिसतच नसे. आता संस्थानी दरबार डोळ्यांपुढे आणावा. लाल पागोटी, केशरी फेटे, हिरवे जरीकाठी शेले, माणकांचे तुरे! हे सारे वैभव काचेवर उतरताना लाल पागोटे काळे पडणार, केशरी फेटा मळकट होणार आणि फिकट निळा अंगरखा पांढरा दिसणार. तेव्हा समोरचे रंग डोळ्यांनी पाहता पाहताच, त्यांचे उजळ-गडद रूप काय होईल हे छायाचित्रकारास मनात ठरवावे लागे. कोणास कोठे बसवावे, मागे कोणता पडदा सोडावा, उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, हे सर्व निर्णय त्या मनातल्या चित्रावर अवलंबून असत. गवई सुरांचा मेळ आधी मनात बांधतो, तसेच हे काम होते. सर्व रंगांस सारखी दाद देणाऱ्या काचा १९०६ साली बाजारात आल्या, आणि दीनदयाळ त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले. त्यांनी आपली सारी कामगिरी या अर्धवट आंधळ्या काचेकडून करवून घेतली.

१८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. सरकारी नोकरीतल्या एका आरेखकासाठी हा मोठा मान होता. डेलीसाहेबांच्या जागी सर लेपेल ग्रिफिन आले आणि १८८२ च्या सुमारास त्यांनी दीनदयाळांस मध्य भारताच्या दौऱ्यावर बरोबर नेले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओरछा, दतिया अशा स्थळांच्या या चित्रांतून १८८६ साली ग्रिफिन यांचे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले.

या वास्तुचित्रांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्यांतील स्तंभ सरळ उभे असतात, कारण ज्याने आरेखनाच्या फळ्यावर वर्षानुवर्षे काम केले त्याला कललेला स्तंभ सहन होत नाही. उन्हाची वेळ अशी साधलेली असते की कोरीव कामाच्या प्रत्येक उठावामागे बारीक सावली पडावी. खजुराहोच्या शिखरावर एकावर एक चढत जाणारी लहान शिखरे रंगामुळे वेगळी दिसत नाहीत, कारण दगड एकाच रंगाचा आहे. ती वेगळी दिसतात ती सावलीमुळे. ग्वाल्हेरच्या मानसिंहाच्या राजवाड्यावर निळ्या चकाकत्या फरश्यांची नक्षी आहे. त्या वेळच्या काचेवर निळा उजळ आणि पिवळसर दगड गडद उतरे, म्हणजे प्रत्यक्षात दगडाहून गडद भासणारी नक्षी चित्रात दगडाहून फिकी व्हायची. आकाश कोरे येण्याचा दोषही येथे उपयोगी पडे. बुरूज आणि घुमट यांची बाह्यरेषा पांढऱ्या कागदावर शाईने काढावी तशी स्वच्छ उमटे. साधनाची उणीव ओळखून तिलाच कामाला लावणे, हे आमच्या मते कलावंताचे लक्षण होय.

कालाचा आणखी एक संदर्भ येथे नोंदविणे उचित ठरेल. हिंदी माणसाने कॅमेरा हाती घेण्याची सुरुवात दीनदयाळांनी केली नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था निघाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तीत भाग घेतला होता, आणि हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत व्यवसाय करणाऱ्या आरंभीच्या छायाचित्रकारांत गणले जातात. दुसरीकडे, राजा रविवर्मा दीनदयाळांहून चारच वर्षांनी लहान. रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी मराठी घरांच्या भिंतींवर चढू लागल्या, त्याच दशकात दीनदयाळांची बिनरंगी चित्रे दरबारांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून फिरत होती. एकाने देवतांना रंग दिले, दुसऱ्याने राजांचे रंग काढून घेतले. दोघेही 'राजा' म्हणून ओळखले गेले, हा मौजेचा योग आहे.

पुस्तक निघण्याच्या सुमारासच दीनदयाळांनी आयुष्यातला मोठा निर्णय घेतला. पेन्शनीची सरकारी नोकरी सोडून त्यांनी छायाचित्रण हाच व्यवसाय केला. चाळिशी गाठलेल्या, मुलाबाळांच्या गृहस्थाने असे धाडस करावे हे त्या काळी सोपे नव्हते. १८८५ साली ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. त्याच काळात हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारात जागा दिली आणि इंदूरचे बिऱ्हाड सिकंदराबादेस हलले. निजामांनीच १८९४ साली त्यांस राजा हा किताब आणि मुसव्विर जंग ही पदवी बहाल केली. मुसव्विर म्हणजे चित्रकार. दरबाराने आपल्या छायाचित्रकारास चित्रकाराचे नाव दिले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते, कारण छायाचित्र ही कला की नुसती यंत्राची करामत हा वाद युरोपात तेव्हा रंगात आला होता.

व्यवसाय भराभर वाढला. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ निघाला. त्याची देखरेख एका इंग्रज बाईंकडे होती आणि तेथे पुरुषाला मज्जाव असे. ज्या स्त्रियांचा चेहरा परपुरुषाने कधी पाहिला नव्हता, त्यांना स्वतःची तसबीर मिळाली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला. १८९६ साली मुंबईत त्यांचा भव्य स्टुडिओ उघडला आणि १८९७ साली राणी व्हिक्टोरियाकडून राजछायाचित्रकाराचा मान मिळाला. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोघे पुत्र व्यवसायात होते.

निजामाच्या राज्यात तेव्हा आपल्या मराठवाड्याचे जिल्हे मोडत असत. त्यामुळे वेरूळचे कैलास लेणे आणि दौलताबादचा किल्ला दीनदयाळांच्या काचेवर आले. वेरूळ पाहिलेल्या वाचकांना ठाऊक असेल, की डोंगरात वरून खाली खोदलेल्या त्या मंदिरात दिवसाच्या बहुतेक वेळी एक बाजू प्रखर उजेडात आणि दुसरी गाढ सावलीत असते. असा विषय कृष्णधवलासाठी जणू घडविलेला, पण तितकाच फसवा. उजेडाकडे लक्ष द्यावे तर सावली काळी होऊन जाते, सावलीकडे द्यावे तर उजेडातली शिल्पे पांढरी पडतात.

आता आम्ही चरित्राच्या ज्या भागाकडे येत आहोत, तो मानसन्मानाच्या यादीत सहसा दिला जात नाही. १८९९-१९०० साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. निजाम सरकारने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर भागात, मदतीची कामे काढली आणि त्यांची नोंद करण्यासाठी दीनदयाळांच्या स्टुडिओतून छायाचित्रे घेण्यात आली. ज्या कॅमेऱ्याने फलकनुमा राजवाड्यातली झुंबरे टिपली, तोच कॅमेरा आता फासळ्या दिसणाऱ्या माणसांपुढे उभा राहिला. ही माणसे आपल्याच मुलखातली, मराठी बोलणारी असणार. त्यांची नावे चित्राबरोबर आली नाहीत.

ही चित्रे पाहताना मन द्विधा होते. त्यांची मांडणी नेटकी, उजेड समतोल, माणसे ओळीत बसविलेली. दरबारातील सरदारही असेच ओळीत बसविलेले असत. सरकारने आपली दयाबुद्धी जगाला दाखविण्यासाठी ती काढविली, हे उघड आहे, आणि दीनदयाळ मानधन घेऊन काम करीत होते, हेही उघड आहे. लॉर्ड कर्झन १९०२ साली मारलेल्या वाघाशेजारी उभे राहिले तेही याच स्टुडिओच्या कॅमेऱ्यापुढे. तेव्हा हा कलावंत की सत्तेचा हरकाम्या, असा सवाल कोणी केला तर तो वावगा म्हणता येणार नाही.

आमचे उत्तर असे आहे. चित्र काढविणाऱ्याचा हेतू चित्राबरोबर संपतो, पण काचेने पाहिलेले मागे राहते. दरबारच्या चित्रात माणिकमोत्यांची छाप रंगांनी पडली असती. रंग गेल्यावर तेथे चेहरे उरतात, कंटाळलेले, गर्विष्ठ, कधी भेदरलेले. दुष्काळाच्या चित्रातही तेच उरते. सरदार आणि भुकेकंगाल यांना एकच उजेड, एकच करडी पायरी आणि एकाच मापाची काच वाट्यास येते. ही समता दीनदयाळांनी मुद्दाम साधली असे आम्ही म्हणत नाही. तिच्यासाठी त्यांनी कोठे बंड केले नाही. पण कामातली निष्ठा त्यांनी माणूस पाहून बदलली नाही, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनी त्या निनावी माणसांच्या डोळ्यांना डोळा भिडविणे आपल्याला भाग पडते. ज्यांची कोठेही नोंद राहिली नसती त्यांची नोंद राहिली, याचे श्रेय त्या निष्ठेस द्यावयास हवे.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दीनदयाळांच्या नावाने मिळणारे प्रत्येक चित्र त्यांनी स्वतः काढलेले नाही. काचा तयार करणारे, प्रती उन्हात धरणारे, निगेटिव्हवर कुंचल्याने हात फिरविणारे, आणि स्वतंत्रपणे चित्रे घेणारे असे कितीतरी कारागीर त्यांच्या पदरी होते. संगीतात घराण्याची गायकी असते, तशी ही एका स्टुडिओची शैली होती आणि तिचे मूळ पुरुष दीनदयाळ होते.

अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९०४ साली पुत्र धरमचंद यांचे निधन झाले, आणि ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत राजा दीनदयाळ यांनी देह ठेवला. सरधन्यापासून निघालेला प्रवास इंदूर आणि हैदराबाद करीत मराठी मुलखात संपला. हातात मावणारे कॅमेरे आणि फिल्म यांचे युग सुरू झालेच होते. राजाश्रयावर उभे असलेले ते वैभव पुढे ओसरत गेले.

परंतु काचा उरल्या. कुटुंबाने जपलेल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, आणि २००६ साली भारतीय टपाल खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. काच ही वस्तू किती ठिसूळ! एक धक्का लागला की सारे संपले. अशा हजारो काचा घरातल्या माणसांनी ऐंशीहून अधिक वर्षे, ओल, उष्मा आणि बिऱ्हाडांची हलवाहलव यांतून वाचविल्या, हे काम त्या काढण्याइतकेच मोलाचे मानावयास हवे.

आपल्या मंडळाच्या वाचकांना म्हणूनच आमची एक विनंती आहे. आपापल्या घरी पेटीच्या तळाशी जुनी कृष्णधवल चित्रे असतील. नोकरीनिमित्त गाव सोडून आलेल्या पहिल्या पिढीची, पहिल्या गणेशोत्सवातल्या नाटकाची, स्टेशनावर निरोप देणाऱ्या मंडळींची. त्यांतील चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे आज आहेत. उद्या असतीलच असे नाही. ती चित्रे बाहेर काढावीत, कोरड्या जागी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहावे. औरंगाबादच्या दुष्काळचित्रांतील माणसांच्या वाट्याला जे आले नाही, ते आपल्या माणसांना देणे अजून आपल्या हाती आहे.